चार एमएलची बाटली, दोन पेशंट: सोलापुरातल्या डेकेअरचा अनुभव

माझ्या वडिलांचे, अण्णांचे आठ डोस झाले म्हणून लिहितोय, कारण तोंडाच्या कॅन्सरची इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) सोलापुरात होते का पुण्या-मुंबईलाच पळावं लागतं असं बरेच जण विचारतात. होते. डेकेअरचं (सकाळी जाऊन सलाईन घेऊन त्याच दिवशी घरी यायचं केंद्र) नाव टाकत नाही, खाली एक तक्रार पण आहे.

अण्णा चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात, गालात कायम तंबाखू-चुना. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, तरी वर्षाच्या आत गाठ परत आली आणि आता कापता येणार नाही म्हणाले. तेव्हा डॉक्टरांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचं नाव काढलं. फुल डोस २४० मिलीग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, खर्च ऐकून त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. मग डॉक्टरांनीच सांगितलं की मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये फक्त २० मिलीग्रॅम दर तीन आठवड्यांनी, सोबत गोळ्या, असं १५१ पेशंटमध्ये करून बघितलंय आणि २०२२ ला ते छापून आलंय, नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६ टक्के आणि हे जोडल्यावर ४३. बरे होतील असं ते म्हणाले नाहीत. आकडे सरळ पुढ्यात ठेवले, याचे मी पूर्ण मार्क देतो.

आता मुख्य गोष्ट. बाटली ४० मिलीग्रॅमची येते, चार एमएल, आणि लागतात दोन. उरलेलं औषध दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. म्हणून इथले लोक दोन पेशंट एकाच सकाळी बोलावतात आणि बिल अर्धं अर्धं करतात. आमच्या जोडीला कुंभारीच्या एक मावशी आहेत, जन्मभर विड्या वळल्या. सिस्टर बाटली हलवत नाहीत, हलकेच तिरकी करून बघतात, मग सुईने बरोब्बर दोन एमएल अण्णांच्या सलाईनमध्ये, दोन मावशींच्या. फिल्टर लावून अर्ध्या तासात संपतं. इतकं कमी पाणी बघून पहिल्या वेळी अण्णा म्हणाले, "एवढंच?"

मी डॉक्टरांना विचारलं हे करतं काय. आपल्या टी-पेशींना, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, कॅन्सर तोच ब्रेक दाबून धरतो, आणि निवोलुमॅब ही अँटीबॉडी (नेमक्या एका जागी चिकटणारं प्रथिन) तिथे जाऊन बसते म्हणजे ब्रेक दाबला जात नाही. हा पीडी-१ १९९२ मध्ये जपानला क्योतोत तासुकु होंजो यांच्या लॅबमध्ये सापडला, आणि शोधत होते वेगळंच, पेशी मरतात कशा ते. कॅन्सरचा त्यात विषयच नव्हता. १९९९ मध्ये त्यांनी पीडी-१ नसलेले उंदीर तयार केले, त्यांना म्हातारपणी ल्युपससारखा आजार झाला, शरीर स्वतःवरच उलटलं, तेव्हा कळलं की हा ब्रेक आहे. औषध बाजारात यायला २०१४ उजाडलं आणि २०१८ ला होंजो आणि अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांना मिळून नोबेल. बावीस वर्षं एका माणसाने एकच धागा सोडला नाही म्हणून आज माझा बाप खुर्चीत बसून सलाईन घेतोय, मला हे फार मोठं वाटतं.

उंदरांची गोष्ट ऐकली होती म्हणूनच पाचव्या डोसनंतर अण्णा सुस्त झाले, थंडी वाजायला लागली तेव्हा आम्ही लगेच गेलो. थायरॉईड बसलं होतं. सकाळची एक गोळी वाढली, बाकी ठीक.

तक्रार अशी की चौथ्या डोसला, एप्रिलमध्ये, तिथल्याच मेडिकलवाल्याने बाटली बर्फाशिवाय नुसत्या कागदी पिशवीत दिली. हे औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. सिस्टरनी हात लावला आणि सरळ नाही म्हणाल्या, नवीन येईपर्यंत साडेतीन तास गेले आणि मावशींची कुंभारीची शेवटची शेअर रिक्षा चुकली. सिस्टरचं बरोबर होतं, मेडिकलवाल्याने मात्र साधं सॉरी म्हणलं नाही. नातेवाईकांना बसायला जागा पण नाही, जिन्यात थांबावं लागतं.

पाचपैकी चार. गाठ आता वाढलेली नाही, परवा अण्णांनी स्वतःहून शेंगाची चटणी मागितली, दह्यात कालवून दिली तर खाल्ली. जाणार असाल तर दोन दिवस आधी फोन करून जोडीला पेशंट आहे का विचारा, आणि बाटली थंड ठेवायला थर्मास घरूनच न्या.