एअर सस्पेन्शनचा हाइट सेन्सर : आठ महिने, तीन उपाय

गाडी वाकडी आहे हे आधी आईच्या लक्षात आलं. पार्किंगमध्ये उभी राहून म्हणाली, "अरे, ही एका अंगाला कलली की काय?" मी टेप आणली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे उजवीकडे ४३.५ सेंमी, डावीकडे ३९.५. चार सेंटिमीटरचा फरक! आणि मी आठवडाभर डॅशबोर्डवरचा सस्पेन्शनचा पिवळा दिवा 'पावसाने लागला असेल' म्हणून सोडून दिला होता.

गाडी दहा वर्षं जुनी, सेकंडहँड एसयूव्ही. चारही चाकांना स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे. महिन्यातून दोनदा कोल्हापूर-रत्नागिरी करतो. आंबा घाटातून मागे बसलेली आई झोपून जाते, यातच सस्पेन्शनचं कौतुक आलं. तक्रार सस्पेन्शनच्या आरामाबद्दल कधीच नव्हती.

पहिल्या गॅरेजने गाडी न उचलताच निदान केलं. "बलून गेलाय. जोडीनं बदला, कॉम्प्रेसरपण बघावा लागेल." आकडा ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो.

फुगा गळत असेल तर गाडी उभ्या उभ्या बसते. म्हणून संध्याकाळी उंची मोजली, सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला (नाहीतर दार उघडलं तरी यंत्रणा जागी होऊन उंची सावरायला लागते) आणि सकाळी पुन्हा मोजलं. एक मिलिमीटरही फरक नाही. साबणाच्या पाण्याचे बुडबुडेही कुठे आले नाहीत. गाडी वाकडी व्हायची ती चालताना. आणखी एक खूण होती, ती मी उगाच दुर्लक्षित केली : रात्री सपाट रस्त्यावरही समोरचे डिपर मारायचे. माझ्या गाडीत हेडलाइटची उंचीही गाडीची उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरच्या सिग्नलवर ठरते.

शेवटी शेजारचे काका कामी आले. एसी बसवर उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काम केलेला माणूस. म्हणाले, "आमच्या बसला लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी निसटली की बस अशीच मान टाकते. तुझी दांडी बघितलीस का?"

बसमध्ये जे काम दांडी आणि व्हॉल्व्ह करतात, तेच गाडीत दांडी आणि सेन्सर करतात. सेन्सर चॅसीवर, त्याचा छोटा हात एका दांडीने चाक धरणाऱ्या लोअर आर्मला जोडलेला. चाक वरखाली झालं की हात फिरतो, व्होल्टेज बदलतं आणि त्यावरून कंट्रोलर ठरवतो, हवा भरायची की सोडायची. सेन्सरने खोटंच 'गाडी उंच आहे' असं सांगितलं, तर कंट्रोलर बिचारा हवा सोडून मोकळा होतो.

आधी बॉडी स्टँडवर घेतली. हे टाळू नका. दांडी काढल्यावर कंट्रोलर कधी हवा सोडेल याचा भरवसा नाही, आणि कॉम्प्रेसरचा फ्यूज काढला तरी व्हॉल्व्ह उघडू शकतात. नुसत्या फुग्यांवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. मग मल्टिमीटर लावला. पुरवठा बरोबर ५ व्होल्ट, अर्थिंग ठीक. सिग्नलच्या वायरवर सुई ठेवून हात सावकाश फिरवला. व्होल्टेज सरळ चढायला हवं होतं. ते मध्येच ०.२ वर कोसळायचं आणि पुन्हा वर यायचं. वायरिंग हलवून पाहिली, तेव्हा आकडा ढिम्म. म्हणजे दोष वायरचा नाही, सेन्सरचाच. कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या, आणि दांडीच्या बॉल जॉइंटमध्ये कोकणातली तांबडी माती ठासून भरलेली.

पहिला उपाय कंजूषपणाचा. भंगारातून सेन्सर आणला आणि झिजलेल्या दांडीऐवजी उद्यमनगरातून लेथवर नवी करून घेतली. काम सुबक होतं, पण दांडी चार मिलिमीटर लांब झाली, आणि त्या हाताच्या फिरकीत तेवढ्यानेही गाडीची उंची बदलली. कारागिराची चूक नाही. जुनी वाकलेली दांडी नमुना म्हणून मीच दिली होती. सेन्सर सात आठवडे टिकला आणि ऐन ऑगस्टमध्ये घाटात पुन्हा दिवा.

दुसऱ्यांदा घाई नडली. दुकानदाराने पुढचा उजवा सेन्सर दिला, मी बघितला नाही. दिसायला सारखाच, पण हात उलट्या दिशेचा. बसलाच नाही. परत केला.

तिसरा नवा, मूळ कंपनीचा नाही पण सीलबंद, दांडीसकट आला. तो सप्टेंबरपासून आहे. बसवताना कनेक्टरला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं, ओल अडवणारं) ग्रीस लावलं. त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे योग्य उंची कोणती हे यंत्रणेला शिकवणं. सगळ्यात जास्त वेळ याच कामाने खाल्ला. गाडीतले दोष वाचणारा हजारभर रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर माझ्या गाडीत इंजिनच्या पुढे जात नाही. सस्पेन्शनच्या कंट्रोलरमध्ये जाणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधावं लागलं. तिथली फरशी उताराची निघाली, म्हणून मेकॅनिकलाच आमच्या इमारतीच्या तळघरात आणलं. चारही टायरची हवा सारखी केली, डिकीतलं सामान काढलं, चारही कोपऱ्यांची उंची मोजून आकडे भरले.

आता डावी-उजवी दोन्हींकडे ४३.५. समोरचे डिपर मारत नाहीत. कॉम्प्रेसर सकाळी थोडा वेळ घुमतो आणि गप्प बसतो. पूर्वी सिग्नलवर उभं राहिलं तरी सुरूच असायचा. सेन्सरला मी दहापैकी आठ देईन. दोन कापले, कारण दांडीच्या जॉइंटवरचं रबर पातळ आहे. कोकणातून आलो की तिथे पाण्याचा हलका फवारा मारतो, प्रेशर वॉशरने कधीच नाही.

परवा धुताना मागची उजवी दांडी हाताला किंचित खिळखिळी लागली. व्होल्टेज अजून सरळ चढतंय. दांडी मागवून ठेवली आहे, यावेळी बाजू दोनदा बघून.