चोवीस भाग इकडे, चोवीस भाग तिकडे

मी अट्टल फॅन नाही. कोणता ग्रह कुणाच्या ताब्यात आहे आणि कुणाच्या तलवारीचा रंग का बदलला, हे मला विचारू नका. दिवसभराची कामं उरकल्यावर तास-दीड तास हाताशी असतो, त्यात एखादी मालिका बसवायची आणि वर्षातून तीन-चारदा थिएटर गाठायचं, एवढाच माझा व्यवहार. पण हल्ली थिएटर गाठायचं म्हणजे आधी गृहपाठ आला. २०२६ च्या जाहीर झालेल्या तारखा बघा. २२ मेला ‘द मँडलोरियन अँड ग्रोगू’, १७ जुलैला क्रिस्टोफर नोलनचा ‘द ओडिसी’, आणि १८ डिसेंबरला एकाच दिवशी ‘ड्यून’चा तिसरा भाग आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’. या चौघांपैकी तिघांना मागचं काही ना काही पाहिलेलं लागतं.

सगळं पाहणं आपल्याच्यानं होत नाही. म्हणून मी एक साधी कसोटी लावते: समजा, पुढचा चित्रपट फुसका निघाला, तर त्यासाठी केलेली तयारी वाया गेली असं वाटेल का? वाटणार असेल तर ती तयारी करूच नये.

मँडो की अँडोर

‘स्टार वॉर्स’च्या दुनियेत शिरायचं तर सध्या दोन मालिकांची नावं पुढे येतात. ‘द मँडलोरियन’चे तीन सीझन, प्रत्येकी आठ भाग. ‘अँडोर’चे दोन सीझन, प्रत्येकी बारा. म्हणजे दोन्हीकडे बरोबर चोवीस भाग. विश्व तेच, साम्राज्याचे सैनिक तेच पांढऱ्या चिलखतातले. पण एक पाहून दुसरी लावली की वाटतं, चॅनलच बदललं.

‘द मँडलोरियन’ २०१९ मध्ये सुरू झाली. जॉन फॅव्ह्रो याची ही निर्मिती. शिरस्त्राण न काढणारा, इनामासाठी माणसं पकडून देणारा मँडो, त्याच्या पदरात पडलेलं हिरवट, मोठ्या कानांचं ग्रोगू नावाचं पोर (वय वर्षं पन्नास, तरी पोरच), आणि दर भागात नवा ग्रह, नवं संकट, नवी सुटका. एखादा भाग अर्ध्या तासात संपतो, एखादा जवळजवळ तासभर चालतो. मधे दोन आठवडे खंड पडला तरी धागा सुटत नाही. थकून आलेल्या संध्याकाळी ही मालिका फार उपकारी आहे.

तिची खरी ताकद मात्र हाणामारीत नाही. मँडोच्या यानात एका दांड्याच्या टोकाला एक छोटा चंदेरी गोळा असतो. पोर तो फिरवून काढतं आणि खेळत बसतं. मँडो तो काढून घेतो, पुन्हा जागेवर बसवतो. पोर पुन्हा काढतं. पहिल्या सीझनमध्ये ही नुसती गंमत वाटते. दुसऱ्या सीझनमध्ये ते यान नष्ट होतं, पोराला पळवून नेलेलं असतं, आणि जळक्या ढिगाऱ्यात मँडोच्या हाताला लागतो तो गोळा. त्याचा चेहरा शिरस्त्राणाआड आहे, तोंडातून शब्द निघत नाही, तरी काय झालंय ते कळतं. कळसूत्री बाहुलीच्या आणि एका गोळ्याच्या जोरावर एवढं साधणं सोपं नाही.

आता तक्रार. दुसरा सीझन संपतो तेव्हा मँडो आणि ग्रोगूची ताटातूट झालेली असते. डोळे पुसून मी तिसरा सीझन लावला, तर पोर पुन्हा त्याच्या शेजारी! मला वाटलं मधेच माझा डोळा लागला. मागे गेले, पुन्हा पुढे आले, भागांचे आकडे ताडून पाहिले. घोळ असा, की मधली गोष्ट भलत्याच मालिकेत आहे. ‘द बुक ऑफ बोबा फेट’ नावाच्या सात भागांच्या मालिकेत पाचव्या भागापासून मँडो येतो आणि आपलंच बस्तान मांडतो. पाचव्या भागात तर खुद्द बोबा फेट दिसतच नाही! तेव्हा हे लक्षात ठेवा: दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधे त्या मालिकेचे पाचवा, सहावा आणि सातवा भाग घुसवायचे. पहिले चार सोडले तरी चालतात, मी सोडले होते.

तिसऱ्या सीझनबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यात मँडो आपल्याच मालिकेत पाहुण्यासारखा वावरतो आणि कथा बो-कटान नावाची योद्धा आणि तिचा हरवलेला ग्रह यांच्याकडे वळते. पाहू नका असं म्हणणार नाही. पण वेळ कमी असेल तर शेवटचे दोन भाग पाहिले तरी चित्रपटाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचता येतं.

‘अँडोर’चं सगळंच वेगळं. टोनी गिलरॉय याची ही मालिका २०२२ मध्ये आली, दुसरा सीझन २०२५ मध्ये. इथे ना जादूच्या तलवारी, ना गोंडस पोर. आहे ती कारकुनी, पाळत, भाड्याची घरं, कामगार आणि हळूहळू आवळत जाणारा फास. कॅसियन अँडोर सुरुवातीला धड नायकही नाही. हातउसने घेऊन तोंड चुकवणारा, खोटं बोलून वेळ मारून नेणारा माणूस आहे.

तो राहतो त्या फेरिक्स ग्रहावरच्या गावात कामगारांची एक भिंत आहे. पाळी संपली की प्रत्येकजण आपले हातमोजे काढून त्या भिंतीवर टांगतो. कुणी कुणाच्या मोज्यांना हात लावत नाही. कॅमेरा त्यावर दोन-चार सेकंदच रेंगाळतो, कुणी काही समजावून सांगत नाही. पण हे लोक एकमेकांना किती वर्षांपासून ओळखतात, परक्या शिपायांची इथे काय पत्रास, हे त्या भिंतीवरून कळतं. हे सगळं इतकं खरं वाटण्याला एक तांत्रिक कारणही आहे. ‘द मँडलोरियन’चं बरंच चित्रीकरण प्रचंड वळणदार एलईडी पडद्यांसमोर झालं, म्हणजे मागचं वाळवंट पडद्यावर आणि नट त्याच्यापुढे. ‘अँडोर’वाल्यांनी तो मार्ग सोडून खरे सेट उभारले आणि बाहेर जाऊन चित्रण केलं. मला तंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण फेरिक्सच्या गल्लीत कुणी धावलं की पायाखाली काहीतरी टणक आहे हे जाणवतं. मँडोच्या काही ग्रहांवर मात्र ठरावीक अंतरापुढे कुणी चालतच नाही. एकदा हे लक्षात आलं की पुन्हा पुन्हा दिसत राहतं. आता तुम्हालाही दिसेल, माफ करा.

मग ‘अँडोर’ सोडून लोक का देतात? कारण सुरुवात संथ आहे. पहिला भाग पाहून ‘अजून काही घडेना’ म्हणत बंद करणारे माझ्या ओळखीत चौघे आहेत. चूक त्यांची नाही, मोजमापाची आहे. ही मालिका भागांत नाही, गठ्ठ्यांत मोजायची. पहिले तीन भाग एकाच दिवशी प्रदर्शित झाले होते ते उगीच नाही. एक ते तीन ही एक गोष्ट, चार ते सहा ही दरोड्याची, सातवा मधला श्वास, आठ ते दहा तुरुंग, अकरा-बारा शेवट. दुसरा सीझन तर उघडच तीन-तीन भागांच्या चार गठ्ठ्यांत आहे. प्रत्येक गठ्ठा एका वर्षाचा, आणि आठवड्याला एक गठ्ठा असा तो आलाही होता. मूळ बेत पाच सीझनचा होता, तो आटवून दोनावर आणला. त्यामुळे दुसरा सीझन कुठे कुठे धावतो खरा, पण पाणी घालून वाढवलेल्या मालिकांपेक्षा आटवलेली कधीही बरी.

तुरुंगाच्या तीन भागांबद्दल थोडंसंच सांगते. कैदी अनवाणी असतात, कारण जमिनीतूनच विजेचा झटका देता येतो. टेबलांमध्ये कामाची शर्यत लावलेली असते आणि जे टेबल हरतं त्याला शिक्षा. पहारेकरी फारसे नसतातच. लागतच नाहीत! यापुढचं तुम्हीच पाहा.

शिवाय ‘अँडोर’ला पुढच्या कुठल्याही चित्रपटाची वाट पाहावी लागत नाही. तिचा पुढचा चित्रपट, ‘रोग वन’, २०१६ मध्येच येऊन गेलाय. मालिकेचा शेवटचा भाग जिथे थांबतो तिथे तो सुरू होतो. अठ्ठेचाळीस महिन्यांनी पुढचा सीझन, मग त्याचा अर्धा भाग, असल्या टांगणीला लागणं नाही. ‘रोग वन’ आधी पाहावा की नंतर, यावर लोक वाद घालतात. मी म्हणेन नंतर. कॅसियनचं काय होतं हे आधी माहीत असेल तर मालिकेला एक करुण छटा येते हे खरं, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोरी पाटी मिळावी.

थोडक्यात निवड अशी. मे महिन्यातला चित्रपट पाहायचाच असेल, घरातल्या लहानग्यांसोबत बसायचं असेल किंवा डोकं शिणलेलं असेल, तर मँडो. पहिले दोन सीझन, बोबाचे तीन भाग, तिसऱ्या सीझनचे शेवटचे दोन, बस्स. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सलग अडीच तास बसायची तयारी असेल तर ‘अँडोर’. आणि माझ्या कसोटीवर विचाराल तर ‘अँडोर’च. मँडोचे पहिले दोन सीझनही कसोटीला उतरतात, पण तिसरा सीझन पुढच्या चित्रपटाच्या भरवशावर उभा आहे.

डिसेंबरचा पेच

१८ डिसेंबरचा हिशेब त्यामानाने सोपा आहे.

‘ड्यून’साठी दोनच चित्रपट लागतात: २०२१ चा १५५ मिनिटांचा आणि २०२४ चा १६६ मिनिटांचा. एकूण पाच तास एकवीस मिनिटं. दोन रात्रींत काम फत्ते. ‘ड्यून: प्रॉफेसी’ नावाची मालिकाही आहे, पण ती दहा हजार वर्षं आधीची. तेवढ्या जुन्या भानगडी नाही समजल्या तरी चित्रपटांचा नायक पॉल अत्रेडीसचं काही अडत नाही. तिसऱ्या भागाला आधार आहे फ्रँक हर्बर्टच्या १९६९ च्या ‘ड्यून मसीहा’ या कादंबरीचा, आणि ज्याला आपण दोन चित्रपट नायक समजत आलो त्याच्याकडे ती कादंबरी फार कठोरपणे पाहते. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी अभिनेत्री झेंडायाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ती त्याचीच नांदी.

‘डूम्सडे’चा गृहपाठ म्हणजे मारुतीचं शेपूट. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०२५ च्या ‘द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’पर्यंत मार्वलचे ३७ चित्रपट, मालिका वेगळ्याच. नटांची नावं जाहीर करायला मार्च २०२५ मध्ये मार्वलवाल्यांनी एकेका खुर्चीवर एकेक नाव दाखवत पाच तासांहून जास्त वेळ थेट प्रक्षेपण केलं होतं. खुर्च्या सत्तावीस. जवळपास तेवढ्या वेळात ‘ड्यून’चे दोन्ही भाग पाहून होतात! त्या खुर्च्यांत दोन हजार सालच्या ‘एक्स-मेन’मधली मंडळीही होती, म्हणजे गृहपाठ आणखी मागे सरकला.

माझा सल्ला: ‘इन्फिनिटी वॉर’, ‘एंडगेम’, ‘फर्स्ट स्टेप्स’ आणि जमलं तर ‘लोकी’चे बारा भाग. यातली ‘लोकी’ माझ्या कसोटीला नक्की उतरते, ती एरवीही पाहण्यासारखी आहे. बाकी सोडून द्या. रॉबर्ट डाउनी ज्युनियर या वेळी खलनायक डॉक्टर डूम होऊन परततोय. त्यानंच साकारलेल्या टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, ओळखणाऱ्या कुणालाही तेवढा धक्का पुरेसा आहे, ज्याला ठाऊक नाही त्याला शेजारचा प्रेक्षक न विचारता सांगेलच.

दोनातून एकच निवडायचा तर मी ‘ड्यून’ निवडेन, कारण त्याची तयारी आटोपशीर आहे आणि दोन्ही भाग पुन्हा पाहायला मला कंटाळा येणार नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘डूम्सडे’ हा टोळक्यानं पाहायचा चित्रपट आहे. ओळखीचा चेहरा पडद्यावर आला की सगळं थिएटर ओरडतं, ती मजा घरात येत नाही. ‘ड्यून’ एकट्यानं पाहिला तरी काही कमी पडत नाही. तेव्हा सोबत किती जण आहेत ते आधी मोजा.

‘ओडिसी’ राहिलाच. संपूर्ण चित्रपट आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालाय, तेव्हा मोठा पडदा मिळाला तर तोच गाठायचा. गृहपाठ शून्य. फारच हौस असेल तर होमरचं महाकाव्य आहे, चोवीस सर्गांचं. इथेही चोवीसच निघाले! आणि कुणी शेवट आधीच सांगून टाकला तर भांडू नका, गोष्ट अडीच हजार वर्षांहून जुनी आहे.