अंगणवाडीची पारख भिंतीवरून नको, सतरंजीवरून करा

लेकरू तीन वर्षांचं झालं की मराठवाड्यातल्या खेड्यात घरच्यांपुढं सहसा दोनच वाटा असतात: गावातली अंगणवाडी, नाहीतर तालुक्याहून गाडी येते ती नर्सरी. नर्सरीत गणवेश, टाय, वही-दप्तर, म्हणून ओढा तिकडं. इथं परीक्षण अंगणवाडीचं आहे, आणि मत आधीच सांगून टाकतो. ताई (अंगणवाडी सेविका) लेकरांशी बोलणारी असेल तर डोळे झाकून अंगणवाडीत घाला. ताईचा सगळा वेळ रजिस्टरात आणि मोबाईलमध्ये जात असेल, तर घरच्यांना जास्त जागरूक राहावं लागेल.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी लेकराला मोठ्या दवाखान्यात पाठवणं) आणि आहार-आरोग्य शिक्षण अशा तिच्या सहा सेवा. लोकांना दिसतो तो आहार. 3 ते 6 वर्षांच्या लेकराला रोज किती कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, याचं प्रमाण ठरलेलं आहे; 2023 च्या बदलाआधी ते 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं असं होतं. ते हुकतं कुठं? खिचडीत पाणी वाढतं तिथं. लेकराचं पोट लहान. पातळ खिचडीनं ते भरतं, पण अंगी काही लागत नाही. चहाच्या चमच्याएवढं तेल म्हणजे सुमारे 45 कॅलरी. वाढताना वरून तेवढं तेल किंवा शेंगदाण्याचं कूट घातलेलं असेल, तर त्या मदतनीस बाईला काम कळतं असं समजा.

वजन-मापाची सेवा चांगली आहे, पण माप घेण्यात चुका फार होतात. दंडघेराची पट्टी डाव्या दंडाला लावायची, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला असताना. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 11.5 ते 12.5 पिवळा, त्यावर हिरवा. पट्टी ओढून धरली की हिरवं लेकरू पिवळ्यात जातं आणि सैल धरली की पिवळं हिरव्यात लपतं. दुसरी चूक जास्त खोडसाळ आहे. दोन वर्षांपर्यंत लांबी झोपवून मोजतात, पुढं उंची उभं करून. त्याच लेकराच्या या दोन मापांत साधारण 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो. वय झालं नसताना उभं करून मोजलं, तर लेकरू उगाच खुजं ठरतं. पट्टी लावताना आईनं शेजारी उभं राहावं आणि आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा.

हे सगळं बरं चाललं, तरी खरी सेवा सतरंजीवर असते. 2023 साली सुरू झालेल्या 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रमात शाळापूर्व शिक्षणाला रोज किमान दोन तास द्यायचे आहेत. त्या दोन तासांत काय होतं, ते अर्धा तास दारात बसून बघा. रंगवलेल्या भिंती आणि टांगलेले तक्ते यांच्याकडं बघू नका. ताई लेकराला काय विचारते, ते ऐका. 'हे काय?' 'गाय.' 'हे काय?' 'बैल.' एवढ्यावर संपलं तर ती फक्त परीक्षा झाली. 'तुमचा बैल काय खातो?' असं विचारून ताई पाच-सहा सेकंद थांबली, लेकरू 'कडबा' म्हणालं, आणि ताईनं 'कडबा कोरडा की हिरवा? कोण टाकतं?' असं पुढं नेलं, तर तिथं भाषा वाढते. घरात जिथं मोठी माणसं दिवसभर रानात असतात, तिथं लेकराच्या कानावर हुकूमच जास्त पडतात: बस, ऊठ, गप. त्यात आईबापाची चूक नाही, थकव्याची आहे. पण तेवढंच ऐकून मोठं झालेलं लेकरू पहिलीत गेल्यावर बाईंनी काही विचारलं की मान खाली घालतं, आणि मग त्याला 'मंद' हा शिक्का बसतो. लहान वयात एकदा चिकटलेलं असं नाव लवकर निघत नाही. ते स्वतःलाही तसंच ओळखू लागतं.

भाषेचा प्रश्न मराठवाड्यात जास्त बारकाईनं बघावा लागतो. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतं, मुस्लिम मोहल्ल्यातलं दखनी, किनवटकडं गोंडी-कोलामी. तांड्यावरचं लेकरू भाकरीला 'बाटी' म्हणालं की 'भाकर म्हण' असं दटावणारी ताई चांगल्या हेतूनं नुकसान करते. 'हो, बाटी. आपण तिला भाकरपण म्हणतो' असं म्हणणारी ताई त्याला दोन शब्द देते आणि त्याच्या याडीची (आईची) भाषा चुकीची ठरवत नाही. जेवणाची पंगतही बघा. सगळे एका ओळीत, एकाच प्रकारच्या ताटात, आणि पाणी कोणीही वाढतं का? झाडू रोज पोरीच्याच हातात आणि चेंडू रोज पोराच्याच, असं तर नाही ना? तीन वर्षांच्या आसपास लेकरू आपण मुलगा की मुलगी हे सांगू लागतं, आणि मग त्यानं काय करायचं असतं हे आजूबाजूला बघूनच ठरवतं. ताईनं कामाच्या पाळ्या लावल्या असतील तर तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

घरचे सगळ्यात जास्त भांडतात ते 'लिहायला शिकवत नाहीत' म्हणून. इथं अंगणवाडी बरोबर आहे आणि वही भरून आणणारी नर्सरी चूक. तीन वर्षांच्या बोटांचे लहान स्नायू पेन्सिल धरण्याइतके तयार नसतात. मणी ओवणं, कागद फाडणं, माती मळणं, हरभऱ्यातून तुरी निवडणं हे लिहिण्याच्या आधीचं काम आहे. बळजबरी केली की लेकरू मुठीत पेन्सिल धरतं, ती सवय पुढं सुटता सुटत नाही, आणि शाळेचा कंटाळा तिथूनच सुरू होतो. बालशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला परिसरातल्या वस्तूंवरच काम उभं केलं. शेंगा, बिया, चिंचोके आपल्याकडं पोत्यानं आहेत.

पहिल्या आठवड्यात लेकरू रडतं. 'सोडून द्या, राहील आपोआप' हा सल्ला ऐकू नका. पहिले दोन दिवस आजीनं शेजारी बसावं, तिसऱ्या दिवशी दारात, चौथ्या दिवशी सांगून अर्धा तास बाहेर जावं आणि सांगितलेल्या वेळेला परत यावं. न सांगता पळ काढला तर लेकरू पुढं पंधरा दिवस आजीचा पदर सोडत नाही.

कच्चा दुवा तीन वर्षांखालचा. वजन-माप आणि लसीकरण सोडलं तर त्या वयाला घरी न्यायचं आहाराचं पाकीट आणि ताईची गृहभेट, एवढंच मिळतं. आणि सगळ्यात नाजूक वय तेच. रुमानियात 2000 साली अनाथालयांतल्या 136 लेकरांवर अभ्यास सुरू झाला. संस्थेतून काढून पालक कुटुंबात नेलेल्या लेकरांपैकी जी दोन वर्षांच्या आत गेली, ती जास्त सावरली; म्हणजे या वयात बोलणारं, जवळ घेणारं माणूस लागतं. पाकिटातलं पीठ लेकराशी बोलत नाही. म्हणून गृहभेटीत ताईनं आईला बाळाच्या आवाजाला आवाज द्यायला, त्याच्याकडं बघून हसायला दाखवलं का, हे विचारा. नुसती सही घेऊन गेली असेल तर ती भेट झाली नाही.

बीड, जालना, परभणीकडं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयते (मजुरांच्या जोड्या) निघतात आणि लेकराचे पाच-सहा महिने साखर कारखान्याकडच्या कोपीवर (झोपडीत) जातात. निघायच्या आठवडाभर आधी ताईकडून पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी मोबाईल ॲप) नाव स्थलांतरित करून घ्या, कार्ड सोबत ठेवा, आणि ज्या कारखान्यावर टोळी जाणार त्याचं गाव-तालुका तिला नीट सांगा. लेकराला आजीजवळ ठेवणार असाल, तर नाव हलवू नका आणि आहार आजीनं घ्यायचा आहे हे ताईला तेव्हाच कळवा. हे राहिलं की लेकरू गावच्या यादीत गैरहजर लागतं आणि कारखान्याकडच्या यादीत असतच नाही.