रिबाउंड नेट घ्यावं का? फुटबॉलला मस्त, क्रिकेटला चांगलं, हॉकीला नको

घरात तिघं खेळणारे, पोरगा फुटबॉल, पोरगी हॉकी अन् पुतण्या क्रिकेट, म्हणून नागपूरच्या बर्डी (सीताबर्डी) बाजारातून रिबाउंड नेट आणलं. लोखंडी पाइपची चौकट, मधात इलॅस्टिक दोरीने ताणलेली जाळी, मागचा पाय सरकवून अँगल बदलता येतो, बॉल मारला की परत येतो. मोठ्या कंपनीचं नाव वगैरे नाही, असाच माल बर्डीत दोन-तीन दुकानांत दिसला, पाच हजाराच्या आत बसलं. पूर्ण उन्हाळा अंगणात वापरून मग लिहून राहिलो.

फुटबॉलसाठी बिनधास्त घ्या. आपले पोट्टे किक मारायची प्रॅक्टिस तासन् तास करतात पण बॉल थांबवायची कोणीच करत नाही, मग मॅचमधे पहिल्याच टचला बॉल दोन मीटर समोर पळतो अन् समोरचा प्लेअर घेऊन जातो. भिंतीवरून बॉल कसा येईल हे पोरांना पाठ होऊन जातं, जाळीवरून मात्र जरा जागा बदलली की वेगळाच येतो, हाच खरा फायदा. नेट उभं ठेवलं की बॉल खालून येतो, तो पायाच्या आतल्या बाजूने नाहीतर तळव्याखाली थांबवायचा, मागे झुकवलं की उंच येतो, मग मांडी अन् छाती. पाय आधी बॉलकडे थोडा न्यायचा आणि लागला रे लागला की मागे घ्यायचा, रंगपंचमीचा पाण्याचा फुगा झेलताना हात आपोआप मागे जातो ना, अगदी तसं. घोटा कडक ठेवला की बॉल उडालाच. आणि बॉलमधली हवा पाहा, नियमात 8.5 ते 15.6 पीएसआय चालते, पण नागपूरच्या मे महिन्यात उन्हात पडलेला बॉल आणखी टणक होतो, लहान पोरांसाठी थोडी कमीच ठेवा.

क्रिकेटच्या कॅचला पण कामाचं आहे. छातीच्या वरचा कॅच बोटं वर करून, खालचा बोटं खाली करून, आणि दोन्हीत हात बॉलसोबत मागे. फक्त घेताना जाळीचे चौकोन नक्की तपासा, फुटबॉलच्या हिशोबाने बनवलेल्या मोठ्या चौकोनांत क्रिकेटचा बॉल अडकतो नाहीतर सरळ पार होतो. आम्ही बारीक जाळीचं घेतलं म्हणून वाचलो.

हॉकीवाल्यांनी मात्र पैसे घालवू नका. वजन म्हणाल तर हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या बॉलएवढाच, पण तो जमिनीवरून येतो आणि खालच्या पाइपवर आदळून कुठेही उडतो, पोरीच्या नडगीला लागता लागता राहिला. आणि हॉकीत मैदानातल्या प्लेअरला पाय लावायची सोयच नाही, सगळं काम स्टिकच्या सपाट बाजूने करायचं. डावा हात वर घट्ट, उजवा खाली ढिला, स्टिक किंचित पुढे झुकलेली म्हणजे बॉल वर उडत नाही, तिथेच बसतो. याच्यासाठी कंपाउंडच्या भिंतीला जाड फळी टेकवली, तीच बेस्ट, जवळपास फुकटात झालं.

आता तक्रार. सोबत आलेले खुंटे एकदम तकलादू, आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, दुसऱ्याच ठोक्याला दोन वाकले, दुकानदार म्हणे खुंट्यांची गॅरंटी नसते. मग लोहाराकडून सळईचे करून आणले. पाऊस पडल्यावर तीच माती मऊ होते आणि खुंटे ढिले पडतात, तेव्हा मागच्या पायावर रेतीची पोती ठेवा. इलॅस्टिक दोऱ्या उन्हात सैल होतात अन् बॉल मेल्यासारखा परत येतो, म्हणून खेळ झाला की नेट सावलीत आणा, आणि एक्स्ट्रा दोऱ्यांचा सेट बिल करायच्या आधीच मागून घ्या, नंतर वेगळे पैसे लावतात.