वन-टू-वन फिजिक्सची फी भरली, ते निघालं कर्ज

जेईईच्या ऑनलाइन ट्यूशनची फी 'हप्त्यानं भरा' म्हणत कोणी फोनवरच तुमचं आधार, पॅन आणि ओटीपी मागत असेल, तर ती फी नाही. ते तुमच्या नावावरचं कर्ज आहे. ट्यूशनवाल्यांना रक्कम सुरुवातीलाच मिळून जाते आणि तुम्ही वर्षभरासाठी तिसऱ्याच एका फायनान्स कंपनीचे देणेकरी होता. शिकवणी वाईट निघो नाहीतर बंद पडो, हप्ता चालूच.

मी घाटंजीला सेतू केंद्र चालवतो. दाखले, सातबारा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, हेच दिवसभर. थोरले दादा गावी शेती करतात: कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. त्यांची पोरगी अकरावीपासून फिजिक्सच्या मागे लागलेली. जेईई मेन तर सगळेच देतात, हिच्या मनात आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, ॲडव्हान्स्ड. नागपूरला क्लासला ठेवायचं तर होस्टेल आणि मेसचाच खर्च दादांच्या कपाशीत बसत नव्हता.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिनं मोबाइलवर एक 'स्कॉलरशिप टेस्ट' दिली. निकाल लगेच आला, ७० टक्के स्कॉलरशिप. पुढे मी केंद्रावर येणाऱ्या पोरांकडे चौकशी केली, तर ती टेस्ट दिलेल्या प्रत्येकाला ७० टक्केच. एका पोट्ट्यानं तर गंमत म्हणून सगळ्या प्रश्नांना 'बी' दाबलं होतं.

डेमो मात्र खरंच झकास झाला, हे कबूल केलं पाहिजे. भरीव आणि पोकळ सिलिंडर एकाच उतारावरून न घसरता गडगडत सोडले तर भरीव आधी का पोचतो, हे त्या सरांनी असं उलगडलं की शेजारी बसलेल्या वहिनींनाही पटलं. थीटा म्हणजे उताराचा कोन; भरीवचं त्वरण जी साइन थीटाच्या दोन तृतीयांश, पोकळचं जी साइन थीटाच्या निम्मं, आणि वजन कितीही असलं तरी फरक पडत नाही. डेमो संपला आणि लगेच 'अकॅडमिक काउन्सेलर'चा हिंदीतून फोन. बच्ची में स्पार्क है भाईसाब. हेच सर वर्षभर एकटीला शिकवतील. स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच. ७२,००० रुपये, महिन्याला ६,००० प्रमाणे १२ हप्ते, व्याज शून्य, नाही आवडलं तर १५ दिवसांत पैसे परत.

दादांचा ईमेल नव्हता. तो त्या माणसानंच फोनवर बसल्या बसल्या उघडून दिला, पासवर्डही त्यानंच ठेवला. सगळ्यात मोठी चलाखी हीच. कर्जाचा करारनामा, अटींचं पत्रक, हप्त्यांचा तक्ता, सगळं त्या ईमेलवर गेलं, म्हणजे घरी कोणी पाहिलंच नाही. मोबाइल नंबरवरून पासवर्ड बदलून मी तो ईमेल उघडला, तेव्हा कुठं कागद हाती आले.

कागदात काय होतं? १५ दिवस मोजायचे ते पैसे जमा झाल्यापासून. आणि 'शिक्षक ठरवायला वेळ लागतो' म्हणत पहिला वर्ग ठेवला तो ही मुदत उलटल्यावर. 'वन-टू-वन'चा अर्थ बारीक अक्षरात असा होता की शिक्षक उपलब्ध असेल तर शंका सोडवण्याचं सत्र एकट्याचं, बाकी बॅचसोबत. डेमोतले सर पुन्हा दिसले नाहीत.

नवीन आलेले सर पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या ॲपमधली उत्तरं उघडून वाचून दाखवत. कपॅसिटरचा धडा चालू होता. प्लेट चार्ज केल्या, बॅटरी काढून घेतली, मग आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारा पदार्थ) सरकवला, तर साठलेल्या ऊर्जेचं काय होईल? सर म्हणाले के पट (के म्हणजे त्या पदार्थाचा स्थिरांक) वाढेल. पोरगी म्हणाली, ते बॅटरी जोडलेली असताना. काढल्यावर चार्ज तेवढाच राहतो, व्होल्टेज उतरतं, म्हणून ऊर्जा के पट कमी होईल. सरांनी माइक बंद केला. नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, पुढच्या वर्गात बघू. तो पुढचा वर्ग काही आला नाही. मला म्हणाली, "काकाजी, ह्या सरले फक्त एकच पर्याय बरोबर असलेले प्रश्न येतात." ॲडव्हान्स्डमध्ये काही प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि चुकलं तर गुण वजा होतात. तसा प्रश्न तिनं काढला की सर विषय बदलायचे.

दिवाळीनंतर दादांनी फोन करून बंद करा म्हणून सांगितलं. तिकडून 'हो गया सर' म्हणाले. हप्ता तरी कटतच राहिला, म्हणून दादांनी खात्यातले पैसेच काढून घेतले. मग मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची मंजुरी) परत जायला लागलं, बँकेचा रिटर्न चार्ज, वर दंड, वसुलीवाल्यांचे फोन. पीएम किसानचे २,००० आले, त्यातूनही आधी चार्ज वळता झाला. यंदा पीककर्ज नव्याने करायला गेले, तर साहेब म्हणाले तुमच्या नावावर पर्सनल लोन थकीत आहे. दादा माझ्या केंद्रावर येऊन बसले. "मी तं फीले हो म्हटलं होतं ना बे, कर्ज कधी घेतलं मी?" पीककर्जाला सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) पाहू नका असं सरकार सांगत असतं, बँकेच्या टेबलावर ते किती पोचतं ते शेतकऱ्याला ठाऊक आहे.

अशात कोणी अडकलंच असेल तर मँडेट नुसतं बंद करू नका, कर्ज तसंच राहतं आणि सिबिल मात्र बिघडतं. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा की सेवा मिळाली नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आमच्यात तिथं गेल्यावरच वसुलीचे फोन थांबले आणि राहिलेले हप्ते रद्द झाले. भरलेले पैसे ट्यूशनवाल्यांकडून वसूल करायचे तर ग्राहक आयोग. करारात 'वाद फक्त अमुक शहरातच' असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. आम्ही यवतमाळला केली आहे.

कर्ज झालं आहे की नाही हेच कळत नसेल, तर पॅनवरून क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं, म्हणून कागद त्याच दिवशी आपल्या ईमेलवर मागा. शिक्षण मंत्रालयानं तर डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सांगितलं होतं की अशा कंपन्यांना ऑटो-डेबिट देऊ नका. गावात ते कोणी वाचलं असेल, देव जाणे.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: ॲडव्हान्स्डचा पेपर मराठीतून देता येतो का? आमच्या काउन्सेलरनं बेधडक हो सांगितलं होतं. मेन मराठीतून देता येते. ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. ज्याला एवढंही माहीत नाही, तो तुमच्या पोरीसाठी शिक्षक काय निवडणार?

आणि फुकटचं आधी पाहा. ॲडव्हान्स्डचे जुने पेपर परीक्षेच्या सरकारी साइटवर आहेत. आयआयटी कानपूरच्या मदतीनं चालणारं केंद्र सरकारचं 'साथी' हे तयारीचं पोर्टल मोफत आहे. दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पोरांसाठी राज्य सरकारची नागपूरची संस्था महाज्योती जेईईची तयारी करून घेते, टॅब आणि डेटाही देते. जाहिरात निघाली की फॉर्म भरायचा.

आयोगात पुढची तारीख लागली आहे. ज्यांचे हप्ते कटत आहेत त्यांनी पासबुक, हप्त्याचे मेसेज आणि झालेल्या वर्गांच्या तारखा घेऊन केंद्रावर यावं. तक्रार मराठीत लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त ओटीपी माझ्यासमोरही मोठ्यानं वाचू नका.