चौथी बाजू आधी बघा: 'लैला'च्या डबल एलपीचा रिव्ह्यू

चोरबाजारात ही रेकॉर्ड हातात आली की गिऱ्हाईक पहिली तबकडी अर्धी बाहेर काढतं, चकाकी बघतं आणि भाव विचारतं. एरिक क्लॅप्टनच्या डेरेक अँड द डॉमिनोज या रॉक बँडच्या 'लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज' या डबल एलपीच्या, म्हणजे दोन तबकड्यांच्या रेकॉर्डच्या बाबतीत असं करून भागत नाही. दुसरी तबकडी काढा, चौथी बाजू वर करा आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. तीन बाजू करकरीत आणि चौथी राखाडी पडलेली, अशी प्रत हमखास भेटते. कारण उघड आहे. आधीच्या मालकानं आयुष्यभर एकच गाणं लावलेलं असतं.

त्यात ते गाणं बसलंय वाईट जागी. चौथ्या बाजूचा क्रम 'लिटल विंग', 'इट्स टू लेट', 'लैला' आणि शेवटी 'थॉर्न ट्री इन द गार्डन' असा आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला जागा निम्म्याहून कमी मिळाली की झांजा आणि स्लाइड गिटारचे वरचे सूर फाटू लागतात, आणि बोथट सुईनं वाजवलेल्या प्रतीत ते कायमचे फाटलेले राहतात. 'लैला'चा उत्तरार्ध नेमका याच आतल्या पट्ट्यात येतो. म्हणून दुकानात ऐकायला मिळणार असेल तर पहिलं गाणं लावू नका. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर, जिथे गिटारी थांबून पियानो सुरू होतो, तिथे सुई ठेवायला सांगा. मिनिटभरात निकाल लागतो.

हा पियानो मोठा भानगडीचा आहे. त्याच्याकडे यायच्या आधी रेकॉर्डबद्दल थोडं.

१९७० सालच्या नोव्हेंबरात ती आली, अमेरिकेत ॲटको आणि ब्रिटनमध्ये पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपन्यांकडून. १४ गाणी, सुमारे ७७ मिनिटं. ध्वनिमुद्रण मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत, टॉम डाउडच्या देखरेखीखाली. गिटारवर आणि गायला एरिक क्लॅप्टन, ऑर्गन-पियानोवर आणि गायला बॉबी व्हिटलॉक, बेसवर कार्ल रेडल, ड्रम्सवर जिम गॉर्डन. पाहुणा गिटारवादक डुएन ऑलमन पहिल्या तीन गाण्यांत नाही, पुढच्या अकराही गाण्यांत आहे. नुसतं ऐकून हे कळतं: चौथं गाणं लागलं की खोलीत आणखी एक माणूस येऊन बसल्यासारखं वाटतं. 'की टू द हायवे' मधूनच सुरू होतं आणि आवाज हळूहळू वर येतो. ती प्रतीची खोट समजू नका. वादक आपापले वाजवायला लागले होते आणि टेप चालूच नव्हती. डाउडनं ओरडून ती सुरू करायला लावली तोवर सुरुवात निसटलेली होती.

गॉर्डनचे ड्रम्स ऐकायचे तर 'कीप ऑन ग्रोइंग' आणि 'व्हाय डज लव्ह गॉट टू बी सो सॅड' ही दोन गाणी लावा. दुसऱ्याची लय घोड्यासारखी धावते, तरी ठोक्याची जागा तसूभर हलत नाही. गिटारी चार दिशांना पळतात, त्यांना एकत्र बांधतात ते ड्रम्स आणि बेस. हा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत तयार झालेला हात. बीच बॉइज, जॉर्ज हॅरिसन, कार्ली सायमन, स्टीली डॅन, सगळ्यांच्या ध्वनिमुद्रणांत तो सापडतो.

आता पियानो. 'लैला'चा पहिला भाग गिटारींचा, आरडाओरड्याचा. तीन मिनिटांनंतर गाणं थांबतं आणि पियानोची शांत चाल सुरू होते ती जवळजवळ चार मिनिटं चालते. हा भाग काही आठवड्यांनी वेगळा मुद्रित करून जोडला आहे. पियानो एक नाही, दोन आहेत: एक गॉर्डनचा, एक व्हिटलॉकचा. मिक्सिंगच्या (वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकत्र जुळवायच्या) वेळी टेपचा वेग किंचित वाढवला, म्हणून पट्टी विचित्र झाली. पेटी घेऊन साथ करायला बसलात तर सूर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. टर्नटेबलचा पट्टा सैल झाला असं वाटून दुरुस्तीवाल्याकडे धावू नका. अर्ध्या स्वराचा निम्मा फरक म्हणजे वेगात जवळपास ३ टक्के, आणि धड चालणारं टर्नटेबल एवढं चुकत नाही. शंका असेल तर त्याच बाजूचं 'लिटल विंग' पेटीवर ताडून बघा.

तबकडीच्या लेबलवर 'लैला'खाली बारीक अक्षरांत दोन नावं आहेत, क्लॅप्टन आणि गॉर्डन. गॉर्डनचं नाव आहे ते या पियानोच्या चालीसाठी. गायिका रीटा कूलिज तेव्हा त्याची प्रेयसी होती. तिचं म्हणणं असं की ही चाल दोघांनी मिळून बांधली होती, तिचं 'टाइम' नावाचं गाणं होतं आणि ते तिनं क्लॅप्टनला ऐकवलंही होतं. व्हिटलॉकनं पुढे तिच्या बाजूनं साक्ष दिली. कूलिजची बहीण प्रिसिला आणि संगीतकार बुकर टी. जोन्स यांच्या १९७३ च्या 'क्रॉनिकल्स' या रेकॉर्डवर 'टाइम' आहे. दोन्ही पाठोपाठ लावा, कोणाच्या सांगण्याची गरज उरत नाही.

आता तबकडी बदलून दुसरी बाजू बघा. 'आय ॲम युवर्स'खाली क्लॅप्टनबरोबर निजामीचं नाव छापलंय. निजामी म्हणजे लैला-मजनूची कथा फारसीत बांधणारा बाराव्या शतकातला गंजा शहरातला कवी. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला श्रेय मिळालं ही चांगलीच गोष्ट. पण त्याच रेकॉर्डवर त्याच वर्षातल्या बाईला ते मिळालं नाही.

कूलिजनं २०१६ सालच्या आत्मचरित्रात दुसरी गोष्टही लिहिली आहे. १९७० मध्येच, गायक जो कॉकरच्या 'मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन' दौऱ्यात, गॉर्डननं न्यू यॉर्कच्या हॉटेलात तिला बोलायला म्हणून बाहेर बोलावलं आणि तोंडावर ठोसा मारला. म्हणजे ही रेकॉर्ड तयार व्हायच्या काही महिने आधी.

त्यापुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. गॉर्डनला आवाज ऐकू येऊ लागले, त्यात मुख्य आवाज आईचा. इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या, काम सुटत गेलं. ३ जून १९८३ ला त्यानं आईचा खून केला. त्याला स्किझोफ्रेनिया आहे हे न्यायालयात मान्य झालं. पण कॅलिफोर्नियानं नुकताच कायदा आवळला होता, त्यामुळे वेडाच्या भरात केलं हा बचाव टिकला नाही. १९८४ मध्ये १६ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. बाहेर तो आलाच नाही. मार्च २०२३ मध्ये व्हॅकाव्हिलच्या तुरुंग-इस्पितळात वारला.

असल्या माणसाची रेकॉर्ड घ्यायची का, असं कोणी विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. दुसरं, मोठा कलावंत जरा मनस्वी असायचाच. 'मनस्वी' हा शब्द मराठीनं अशा लोकांवर फार उधळला आहे. दारू पिऊन तमाशा करणारा, बायकोला मारणारा, उधारी बुडवणारा, सगळे त्याच एका चादरीखाली झोपतात.

गॉर्डनच्या बाबतीत तर हे शब्द फारच बोथट पडतात. आईचा खून आजारातून झाला. त्या खुनाचा 'कीप ऑन ग्रोइंग'च्या ठोक्यांशी काही संबंध नाही, आणि ते ठोके ऐकताना अपराधी वाटून घ्यायचंही कारण नाही. तिथे माणूस आणि काम वेगळं करणं सोपं आहे, योग्यही आहे. पियानोच्या चालीचं तसं नाही. तिथे वर्तन कामाच्या बाहेर नाहीच, ते लेबलवर छापलेलं आहे. नदीचं मूळ विचारू नये हे ठीक, पण पाणी दुसऱ्याच्या विहिरीतून आणलेलं असेल तर तिथे विचारायलाच हवं. खून मोठा आणि श्रेयाची चोरी छोटी, म्हणून चर्चा नेहमी खुनाची होते. रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र ही दुसरी आहे.

पैशाचा हिशेबही उलटा आहे. १९७३ चं इन्क्रेडिबल बाँगो बँडचं 'ॲपाची' घ्या. त्यातला ड्रम्सचा तुकडा हिपहॉपवाल्यांनी अक्षरशः उपसला. तो गॉर्डनच्या हातचा. पण गाण्याचं श्रेय जेरी लॉर्डनचं, आणि ठोक्याला संगीतकाराची रॉयल्टी नसते. म्हणजे जे निर्विवाद त्याचं, त्याचं श्रेय दुसरीकडे. आणि जे वादातलं, त्याची रॉयल्टी तुरुंगातही चालू. १९९३ मध्ये 'लैला'च्या अनप्लग्ड, म्हणजे साध्या बिनविजेच्या गिटारींवरच्या रूपाला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं, क्लॅप्टन आणि गॉर्डन दोघांच्या नावावर. त्या रूपात पियानोचा तो भाग नाहीच!

क्लॅप्टनला सोडून हा रिव्ह्यू पुरा होत नाही, जरी त्याचं प्रकरण सरळ आहे. या १४ गाण्यांपैकी पाच गाणी काळ्या संगीतकारांची आहेत: जिमी कॉक्स, चार्ल्स सीगर आणि बिग बिल ब्रून्झी, बिली माइल्स, चक विलिस, जिमी हेंड्रिक्स. १९७४ मध्ये अमेरिकेत त्याचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं तेही बॉब मार्लीचं. आणि ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून, दारूच्या नशेत, त्यानं परदेशी लोकांना हाकला म्हणून इनॉक पॉवेल या स्थलांतरविरोधी ब्रिटिश राजकारण्याची तळी उचलली. त्यातूनच 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशद्वेषाविरुद्धची चळवळ उभी राहिली. माफी मागायला अनेक वर्षं गेली. इथे आजार नाही, चोरीही नाही. प्रत्येक गाण्याखाली मूळ नाव नीट छापलंय. कोणाला ते बोलणं आठवून दुसरी बाजू ऐकवत नसेल तर ती रास्त गोष्ट आहे, अतिरेक नव्हे. ऐकणाऱ्यांनी एवढं करावं: ब्रून्झीचं जुनं 'की टू द हायवे' आधी ऐकावं.

घ्यायची झाली तर कुठली? काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून मुंबईत नवी परदेशी रेकॉर्ड घ्यायची म्हणजे बहुतेक ऑनलाइन. २०२० चा पन्नासाव्या वर्षाचा ४ एलपींचा संच आहे. त्याचं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीची शेवटची तयारी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अर्ध्या वेगानं केलेलं. मूळ मिक्स जरा गढूळच आहे आणि कुठलंही मास्टरिंग ते पूर्ण निवळणार नाही. तरी नव्या संचात चौथ्या बाजूच्या झांजा बऱ्याच सुट्या ऐकू येतात. १९९० च्या विसाव्या वर्षाच्या सीडी-संचात मिक्सच नवीन आहे, ते जास्त स्वच्छ आणि जरा निर्जीव.

नव्या प्रतीचा आणि स्ट्रीमिंगचा वाटा लेबलवरच्या दोन नावांकडे जातो. जुनी प्रत घेतलीत तर पैसे दुकानदाराच्या खिशात राहतात. ज्यांना हा फरक महत्त्वाचा वाटतो त्यांनी चोरबाजारातली मटन स्ट्रीट किंवा फोर्टातला फुटपाथ गाठावा. शुक्रवारी मटन स्ट्रीटची दुकानं बंद आणि रस्त्यावर पथारी असते; रस्त्यावर ट्यूबलाइट नाही, तेव्हा मोबाइलचा टॉर्च वापरा. भाव करायच्या आधी लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर टाका. नेमकी कुठली छपाई आणि आधी कितीला विकली गेली, दोन्ही कळतं. मुखपृष्ठावर फ्रान्डसेन द शॉम्बर्ग या चित्रकारानं काढलेलं बाईचं चित्र आहे आणि मुळात त्यावर एकही अक्षर नाही. म्हणून नाव दिसलं नाही की झेरॉक्स कव्हर आहे असं समजू नका.

ओरखड्यावरून नख हलकं फिरवा. नखाला लागला तर सुईलाही लागणार, टक्-टक् येणारच. नखाला न लागणाऱ्या केसासारख्या रेघा चालतात. पांढरे ठिपके म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. ती जाते, पण पुसू नका, धुवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा, मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा. लेबल कोरडं ठेवा. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून खाचेतच बसतात आणि बुरशीपेक्षा वाईट आवाज करतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या रेकॉर्डींना अल्कोहोल अजिबात लावू नका, विरघळतील. जुनं कागदी आतलं पाकीट बुरशीसकट फेका. बाहेरचं पीव्हीसीचं कव्हरही काढा. मुंबईच्या उकाड्यात त्यातून निघणारं रसायन तबकडीवर धुकट डाग पाडतं आणि तो डाग धुऊन निघत नाही.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कागदावर लिहिलेला असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई ला २ ग्रॅम. दाब कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि आतल्या पट्ट्यात, म्हणजे नेमका पियानो चालू असताना, जास्त नुकसान करते.

चौथी बाजू राखाडी आणि बाकी तीन चांगल्या असतील तर निम्म्या भावात घ्यायला हरकत नाही. गॉर्डनच्या हातचं जे चांगलं आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या बाजूंवरही भरपूर आहे, आणि ती चाल 'टाइम'मध्ये ऐकता येते.