गोळ्या, सीबीटी की समग्र थेरपी? बेळगावात बसून ठरवताना

खानापूरच्या भाचीचा गेल्या महिन्यात फोन आला. "मावशी, इथल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात. मैत्रीण म्हणते, गोळ्या नको, होलिस्टिक थेरपी कर, कोल्हापूरच्या एक बाई ऑनलाइन घेतात. काय करू?" मी डॉक्टर नव्हे. पण वडील गेल्यानंतरच्या दोन वर्षांत गोळ्या, सीबीटी आणि समग्र थेरपी या तिन्ही वाटांवर थोडी थोडी चालले. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आधी समग्र, म्हणजेच होलिस्टिक, थेरपी काय ते. आजाराच्या नावापुरतं न बघता माणसाचं शरीर, भावना, विचार, नाती आणि जगण्याचा अर्थ हे सगळं एकत्र धरून काम करायचं, ही त्यातली मूळ कल्पना. कार्ल रॉजर्सची व्यक्तिकेंद्री पद्धत, फ्रिट्झ पर्ल्सची गेस्टाल्ट, असाजिओलींची सायकोसिंथेसिस, विल्हेम राइशपासून आलेलं शरीरावरचं काम आणि जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या एका दवाखान्यात सुरू केलेला माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडं सजगपणे बघण्याचा, कार्यक्रम, अशी बरीच मुळं त्याला आहेत. म्हणूनच 'होलिस्टिक' हे एका ठरावीक उपचाराचं नाव नाही. दोन बायकांचा मसाला एक नसतो, तसं दोन थेरपिस्टचं होलिस्टिक एक नसतं. तुमच्या मसाल्यात काय काय पडतं, हे पहिल्याच फोनवर विचारावं.

सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करायची पद्धत, ती त्यामानानं आखीव. आरन बेक यांनी १९६०च्या दशकात ती मांडली. तिची थोरली बहीण म्हणजे अल्बर्ट एलिस यांची १९५५ची विवेकनिष्ठ पद्धत, जिच्यावर मराठीत वाचायलाही भरपूर मिळतं. प्रसंग, त्या वेळचा विचार, त्यातून आलेली भावना असं वहीत लिहायचं, विचार तपासायचा, घरचा अभ्यास करायचा. साधारण बारा ते वीस तासांत काम आटोपतं. पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), ओसीडी (तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती करत राहण्याचा आजार), एखादी ठरावीक भीती यांसाठी पुराव्याच्या बाबतीत समग्र पद्धत हिच्या जवळपासही नाही. बस चोर्ला घाटात शिरली की घाम फुटतो, एवढीच तक्रार असेल तर मी डोळे झाकून सीबीटी सांगेन.

पण माझं घोडं त्या वहीतच अडलं. "त्या वेळी मनात कोणता विचार आला?" या रकान्यात मी तीन आठवडे एकच लिहीत होते: पोटात गोळा आला. आपल्याकडं दुःख असंच बोललं जातं. जीव वर-खाली होतो, छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटतं, हातापायातलं बळ जातं. विचार विचारला की आपण गप्प. पुढं ज्या समग्र थेरपिस्टकडं गेले त्यांनी त्या पोटातल्या गोळ्यालाच हात घातला. कुठं आहे, केवढा आहे, गार की गरम? पाय जमिनीवर टेकवा, श्वास कुठं अडतो तेवढं बघा. दहा मिनिटं असं झालं आणि मला पहाटे चारला वाजलेला दवाखान्याचा फोन आठवला. त्या दिवशी मी रडलेच नव्हते, आलेल्या लोकांसाठी चहा टाकत बसले होते. ते रडणं तिथं झालं. वहीतून ते निघालं नसतं, हे माझं मत आजही कायम आहे.

आता याची दुसरी बाजू. त्याच थेरपीत पाच महिने आम्ही माझ्या थकव्यात वडिलांचं दुःख शोधत होतो. एका साध्या फॅमिली डॉक्टरनं रक्त तपासायला लावलं तर थायरॉइड बिघडलेलं निघालं. शरीर-मन एक म्हणणाऱ्यांनी शरीराची एक तपासणी सांगू नये, याचा मला अजून राग आहे. तेव्हा कुठंही जा, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ या रक्ताच्या तपासण्या आधी करून घ्या.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. झोप, जेवण, कामधंदा सगळंच सुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील, भास होत असतील, तर तुलना करत बसू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात. सवय लागण्याची भीती असते ती झोपेच्या काही गोळ्यांची. त्या दुकानातून परस्पर आणणारे आपल्याच गल्लीत असतात. दवाखाने बेळगावात आहेत, आणि सरकारी मोठी मानसोपचार संस्था सुमारे ७५ किलोमीटरवर धारवाडला. रात्री-अपरात्री घाबरं झालं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू असतो, भाषाही निवडता येते.

भाषेचं मात्र आपल्या भागात वेगळंच आहे. ओपीडीत मला कन्नडमधून विचारलं गेलं. बाजारहाटाला, बँकेत माझं कन्नड चांगलं चालतं, पण "वडिलांशी भांडण मिटायचं राहिलं" हे मला त्यात सांगताच येईना. शेजारी उभी असलेली बहीण भाषांतर करायला लागली, आणि ते भांडण नेमकं तिच्यावरूनच झालेलं! सीमाप्रश्न १९५६ पासून चाललाय, त्यात मी पडत नाही. आपल्याला रडायला कुठली भाषा येते एवढं बघा म्हणते. गोळीला चार वाक्यं पुरतात. सीबीटीला जरा जास्त. समग्र थेरपी मात्र अख्खी बोलण्यावर उभी, म्हणून ती मराठीत होणार असेल तरच घ्या. थेरपिस्टशी सूर जुळणं हे पद्धतीच्या नावाइतकंच, कधी जास्तच, मोलाचं ठरतं असं संशोधनही सांगतं.

पैशाचं म्हणाल तर समग्र थेरपी महाग पडते, कारण ती संपायची कधी हे कुणी सांगत नाही. मी तासाला आठशे देत होते आणि आठव्या तासाला स्वतःच विचारलं, "आपण कुठवर आलो?" उत्तर नीट मिळालं म्हणून पुढं गेले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी विचारा, लाजू नका. दारावर होलिस्टिकची पाटी आणि आत स्फटिक, चक्रं, वर "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा" असा सल्ला मिळाला तर चप्पल घालून बाहेर.

भाचीची झोप तीन आठवडे उडालेली होती, म्हणून गोळ्या चालू ठेव म्हटलं. त्या घेत असतानाही थेरपी करता येते, दोन्ही डॉक्टर-बाईंना एकमेकांचं माहीत असलं म्हणजे झालं. अडचण वेगळीच निघाली. घरात नऊ माणसं, मधल्या खोलीला दाराऐवजी पडदा. ऑनलाइन तास घ्यायचा तर बोलायचं कुठं? "मावशी, सासूबाई पडद्यापलीकडं शेंगा सोलूलालेत, मी काय सांगू?" शेवटी भावाची ओमनी उपयोगी पडली. दर गुरुवारी चारला ती गाडी रेल्वे स्टेशनच्या बाजूला उभी करते, काचा वर घेते आणि तासभर बोलते. नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना शिवणक्लास म्हणून सांगितलंय.